सपाट त्वचेवरील अलंकारवेधन : प्रकारांची निवड

'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण आपल्या भाषेत रुळली त्या काळी टोचण्याच्या जागाही ठरलेल्या होत्या. कानाची पाळी, बुगडीसाठी किंवा भिकबाळीसाठी कानाची वरची कड, नथीसाठी किंवा चमकीसाठी नाकपुडी. या सर्व जागांमध्ये एक साम्य आहे आणि ते इतके उघड आहे की सहसा कोणी त्याचा उच्चार करीत नाही. या प्रत्येक जागेला दोन बाजू आहेत. सुई एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मध्ये राहतो तो आखूड, सरळ मार्ग. दागिना त्या मार्गात लोंबतो, शरीरात रुतून बसत नाही.

अलीकडे आपल्या चिकित्सालयात येणारे तरुण रुग्ण मात्र वेगळ्याच जागांविषयी विचारतात. गळ्याच्या हाडावर, छातीच्या मध्यरेषेत, मानेच्या मागे, कमरेच्या दोन खळग्यांत, डोळ्याखालील गालाच्या उंचवट्यावर किंवा मनगटावर एखादा चमकता खडा बसवून घ्यायचा असतो. या जागांना मागची बाजू नाही. सपाट त्वचेवरील या वेधनास बाजारात 'सरफेस पियर्सिंग' म्हणतात आणि त्यात 'बार', 'मायक्रोडर्मल', 'स्किन डायव्हर' असे पोटप्रकार सांगितले जातात. रुग्णाचा प्रश्न असतो : यांपैकी कोणता घ्यावा?

या प्रश्नापुढे आपल्यापैकी अनेक जण दोनपैकी एक मार्ग पत्करतात. एक तर 'असले थेर कशाला?' म्हणून रागावतात, किंवा 'हा आमचा विषय नाही' म्हणून सोडून देतात. दोन्ही वेळा रुग्ण तिथून उठून थेट दुकानात जातो आणि काही महिन्यांनी वाहणारा व्रण घेऊन आपल्याकडेच परततो. हा विषय आपला नाही, हे तर मुळीच खरे नाही. अलंकारासाठी शरीराचे वेधन कसे करावे आणि ते चुकल्यास काय करावे, याचा विधी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात सविस्तर आहे. सव्विसावा आणि सत्ताविसावा हे दोन अध्याय तर शल्याचे ज्ञान आणि शल्य काढण्याचे उपाय यांनाच वाहिलेले आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही या तिन्ही अध्यायांच्या प्रकाशात आजच्या प्रकारांकडे पाहणार आहोत.

आरंभीच आमचे मत सांगून टाकतो. या प्रकारांची निवड 'कोणता अधिक शोभतो' किंवा 'कोणता कमी दुखतो' यावर करू नये. तो पुढे बाहेर कसा निघणार, यावर करावी. कारण सपाट त्वचेतील दागिना आयुष्यभर टिकेल असे गृहीत धरता येत नाही. तो काढावा लागतो किंवा शरीरच तो बाहेर ढकलते.

असे का होते? सुश्रुताचार्यांनी शरीराला आणि मनाला पीडा देणारी प्रत्येक वस्तू शल्य मानली आहे. कानाच्या पाळीतील मार्ग भरून येतो तेव्हा त्याला आतून त्वचेचेच अस्तर येते, दागिना एका अर्थाने शरीराबाहेरच राहतो आणि त्याचे शल्यत्व संपते. सपाट जागी दागिन्याचा मोठा भाग त्वचेखाली, तिला समांतर आडवा पडलेला असतो. वरची त्वचा प्रत्येक हालचालीबरोबर त्यावर ताणली जाते. वाकले, वळले, हात उचलला की ताण येतो. शरीर त्या वस्तूला हळूहळू वर सारते, वरचे आवरण पातळ होत जाते आणि अखेर धातू उघडा पडतो. काट्याच्या बाबतीत आपण हे नेहमी पाहतो. येथे काटा आपण स्वतः मोल देऊन बसवलेला असतो, एवढाच फरक.

सत्ताविसाव्या अध्यायात शल्याचे दोन भेद सांगितले आहेत : अवबद्ध, म्हणजे धातूंमध्ये घट्ट अडकलेले, आणि अनवबद्ध, म्हणजे सैल. आहरणाच्या दिशाही दोन आहेत : आले त्या वाटेने परत काढणे हे प्रतिलोम आणि पुढे सारून दुसरीकडून काढणे हे अनुलोम. हे चार शब्द ध्यानात ठेवले तर बाजारातील सगळी नावे आपोआप जागेवर बसतात.

प्रकार

सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट पर्याय म्हणजे भुवईसाठी किंवा नाभीसाठी केलेली वक्र दांडी सपाट त्वचेत घालणे. नाभीवर आणि भुवईवर त्वचेची घडी हाती येते, म्हणून तेथे वक्र दांडी चालते. छातीवर किंवा मानेवर घडी चिमटीत धरून सुई आरपार नेली आणि चिमूट सोडली की त्वचा पुन्हा सपाट होऊ पाहते व दांडीची दोन्ही टोके तिला आतून वर उचलतात. असा दागिना बहुधा बाहेरच येतो आणि जाताना दोन छिद्रांमध्ये रेघेसारखा वण ठेवून जातो. काम स्वस्तात करून देणारे आजही हीच दांडी वापरताना दिसतात. रुग्णाला या एका गोष्टीपासून परावृत्त केले, तरी आपला सल्ला सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

या दोषावर उपाय म्हणून खास सपाट त्वचेसाठी घडवलेली दांडी आली. ती कागद टाचण्याच्या पिनेच्या आकाराची असते : मधला भाग सपाट आणि दोन्ही टोके काटकोनात वर वळलेली. त्वचेखाली सपाट भाग पडून राहतो, वर फक्त दोन मणी दिसतात. टोके सरळ वर येत असल्याने त्वचेवरील ओढ पुष्कळ कमी होते. मात्र दांडीची लांबी आणि टोकांची उंची त्या व्यक्तीच्या त्वचेच्या जाडीप्रमाणे मोजून घ्यावी लागते. उंची कमी पडली तर मणी रुततात, जास्त झाली तर दागिना डुलतो आणि कपड्यात अडकतो. व्रण पूर्ण स्थिरावण्यास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लागतो. जमेची बाजू अशी की दोन्ही टोके उघडी असतात, मणी फिरवून काढता येतात आणि कुशल हात कोणत्याही छिद्रातून दांडी बाहेर घेऊ शकतो. अनुलोम आणि प्रतिलोम या दोन्ही वाटा खुल्या राहतात. वेळीच काढल्यास मागे दोन बारीक ठिपके उरतात.

मायक्रोडर्मल हा आता अधिक मागणी असलेला प्रकार 2000 नंतरच्या दशकात पसरला. यात छिद्र एकच असते. त्वचेखाली काही मिलिमीटर लांबीचा चपटा पाय बसवतात. त्याला भोके असतात आणि त्या भोकांतून नवे मांसांकुर वाढून पायाला जखडून टाकतात. वर आखूड देठ आणि देठावर फिरकीने बसवायचा, बदलता येणारा खडा. वरवरचा भाग काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत शांत दिसू लागतो. जागेचे बंधन कमी आणि एकच ठिपका दिसतो, म्हणून तरुणांना हा आवडतो. पण आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे शल्य जाणूनबुजून अवबद्ध केलेले असते. त्याला दुसरे टोक नाही, म्हणून अनुलोम वाट नाही. प्रतिलोम काढायचे तर भोकांत वाढलेले धातू सोडवावे लागतात. अनुभवी वेधक ते चोळून, हलक्या हाताने सैल करतो, अन्यथा लहानसा छेद घ्यावा लागतो. आमच्या पाहण्यातील एका तरुणीने गळ्याच्या हाडावर असा खडा बसवला होता. दोन वर्षे तो उत्तम राहिला. लग्नाच्या महिनाभर आधी ती काढून घेण्यासाठी आली, कारण ओढणी तर त्यात अडकतच होती, आता मंगळसूत्रही अडकणार याची तिला चिंता होती. बसवायला काही मिनिटे लागली होती. काढण्यासाठी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले आणि वण लग्नाच्या छायाचित्रांत दिसू नये यासाठी प्रसाधनाचा आधार घ्यावा लागला. बसवताना हे कोणीही तिला सांगितले नव्हते.

तिसरा प्रकार स्किन डायव्हर. याचा पाया लहान, घंटेसारखा किंवा टोकदार असून त्याला भोके नसतात, म्हणून धातू त्याला धरून ठेवीत नाहीत. हे अनवबद्ध शल्य. बसवणे सोपे, काढणे तुलनेने सोपे, पण टिकाव कमी. तो उथळ बसतो, कधी बाहेर पडतो, तर कधी वरचा खडाच आत रुततो. खडा बहुधा बदलताही येत नाही.

येथे एक भेद वैद्यांनी अवश्य विचारून घ्यावा. छिद्र सुईने केले जाते की गोल धारेच्या नळीने, म्हणजे 'पंच'ने? सुईने केलेले कर्म वेध्य होय. पंचने त्वचेची लहानशी चकतीच काढून टाकली जाते, म्हणजे ते छेद्य कर्म झाले. अष्टविध शस्त्रकर्मांतील हा भेद केवळ नावापुरता नाही. पंचच्या छिद्रात दाब कमी येतो हे खरे, पण नळी किती खोल जाते यावर हाताचा ताबा हवा आणि गेलेली त्वचा परत येत नाही. स्किन डायव्हर बहुधा पंचनेच बसवतात. मायक्रोडर्मलला दोन्ही पद्धती चालतात.

कर्णपालीचे वेधन करणारी 'गन' सपाट त्वचेसाठी कोणी काढलीच तर रुग्णाने तिथून उठून यावे. तिचे प्लास्टिकचे भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत आणि तिचा बोथट दाब ऊतींना चिरडतो.

मग निवड कोणती? त्वचा चिमटीत सहज उचलता येत असेल, जागा फारशी वळत नसेल आणि रुग्णाला पुढे कधीतरी दागिना काढायचा असेल, तर मोजून घडवलेली सपाट दांडी आम्हांस सर्वांत कमी दोषाची वाटते. त्वचा ताठ असून चिमटीत येत नसेल तर मायक्रोडर्मल. मात्र काढण्याची व्यवस्था आधी ठरवून. स्किन डायव्हरची शिफारस आम्ही करणार नाही. आणि काही तासांच्या समारंभासाठी खडा हवा असेल तर चिकटवायचा खडा पुरेसा आहे.

जागा

शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात त्वचा आणि त्यांची व्रीहिप्रमाणे जाडी सांगितली आहे. रोहिणी एक व्रीही, मांसधरा दोन व्रीही. त्यानंतर सुश्रुताचार्य एक सूचना देतात, जिच्याकडे अध्यापनात घाईने पाहिले जाते : हे प्रमाण मांसल जागांचे आहे, ललाट आणि सूक्ष्म अंगुली इत्यादींचे नव्हे. सपाट त्वचेच्या वेधनात यश अपयश बहुतांशी याच एका सूचनेवर ठरते. कपाळावर त्वचेखाली लगेच अस्थी आहे, दागिन्याला बसायला खोली नाही. बोटावर अंगठीच्या जागी खडा बसवण्याची हौस आजकाल दिसते. बोट दिवसभर वळते, धुतले जाते, आपटते. तिथे कोणताच प्रकार टिकत नाही.

मर्मांचा विचारही येथे अनाठायी नाही, पण तो भीती घालण्यासाठी करू नये. त्वचेतील काही मिलिमीटरचे वेधन म्हणजे मर्माघात नव्हे. तरीही भुवयांच्या मध्ये स्थपनी, भुवयांच्या वर आवर्त, नेत्रांच्या बाह्य टोकांशी अपांग, मनगटावर मणिबंध, मानेच्या व मस्तकाच्या सांध्यावर कृकाटिका आणि कटीच्या मागील बाजूस कुकुंदर ही स्थाने आजच्या आवडीच्या जागांशी किती जुळतात, ते पाहण्यासारखे आहे. शरीरात जिथे सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी एकत्र येतात, तिथेच त्वचा पातळ असते, ताण अधिक असतो आणि पूय झाल्यास तो खोल पसरण्याचा धोका असतो. भुवयांमधील व नाकाच्या मुळाशी झालेला संसर्ग तर मेंदूतील सिरांपर्यंत पोहोचू शकतो. त्या जागेसाठी आपल्याकडे टिकली आहे. (अर्थात टिकलीच्या डिंकातील रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडलेल्या स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, निर्दोष असे काहीच नाही.)

छातीची मध्यरेषा आणि खांदा या जागांवर वण वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती विशेष असते. वाग्भटोक्त व्रणग्रंथीशी याची तुलना केली जाते. रुग्णाच्या अंगावरील जुने वण पाहावेत. लशीची खूण, कानाच्या टोचणीची जागा, शस्त्रक्रियेची रेघ यांपैकी एकही वण उंच, कडक आणि खाजरा असेल तर त्याला या प्रकारांपासून दूर ठेवावे. मधुमेह अनियंत्रित असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हृदयाच्या झडपांचा विकार असलेले, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले, तसेच गर्भिणी यांनाही हाच सल्ला द्यावा.

धातू

सव्विसाव्या अध्यायातील एक निरीक्षण आम्हांस दरवेळी नव्याने चकित करते. सोने, चांदी, तांबे, पितळ, कथील, शिसे यांची शल्ये दीर्घकाळ शरीरात राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विलीन होतात. शिंग, दात, केस, अस्थी, वेळू, लाकूड, दगड आणि माती यांची होत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. यातून आजची सगळी धातुविद्या काढून दाखवण्याचा मोह टाळावा. पण धातू शरीरात तटस्थ राहत नाही, हा विचार त्यात निश्चित आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की निकेलचे कण सुटून त्वचेला कायमची असात्म्यता जडू शकते आणि मग घड्याळाचा पट्टा, जीनचे बटण यांनीही कंडू व स्राव सुरू होतो. दागिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 316 एल या पोलादात निकेल 10 ते 14 टक्के असते. युरोपीय संघाने वेधनाच्या दागिन्यांतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमहून कमीच निकेल सुटावे, अशी मर्यादा 2004 मध्ये घातली. 'सर्जिकल स्टील' हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये. सपाट त्वचेसाठी शरीरात बसवण्याच्या प्रतीचे टायटॅनियम मागावे. त्याचे प्रमाण 'एएसटीएम एफ 136' या नावाने ओळखले जाते आणि दुकानदाराने त्याचा दाखला दाखवला पाहिजे. सोन्याचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंना समजावून सांगावे लागेल : बावीस कॅरटचे सोने मऊ असते, त्यावर ओरखडे पडतात, आणि त्यात मिसळलेले तांबे व चांदी ताज्या व्रणात नकोत. वरचा खडा सोन्यात मढवता येतो, तोही व्रण भरल्यावर.

व्रणोपचार

येथे आपल्या वैद्यबंधूंशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. कर्णवेधानंतर सुश्रुताचार्यांनी तेलाचे परिषेचन सांगितले आहे, म्हणून या व्रणावरही जात्यादी तेल किंवा हळदीचा लेप लावण्याकडे आपला कल असतो. कानाची पाळी दोन्ही बाजूंनी उघडी असते, तेथे स्राव वाहून जातो. मायक्रोडर्मलचा कप्पा एका बाजूने बंद आहे. तेल आणि चूर्ण त्यात साचते, स्राव कोंडतो आणि पाक होतो. घरी केलेला पंचवल्कलाचा किंवा त्रिफळेचा काढा व्रणधावनास उत्तम असला, तरी तो निर्जंतुक नसतो. आरंभीचे काही आठवडे दिवसातून दोनदा निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुणे आणि कोरड्या जाळीच्या कापडाने टिपणे, एवढेच पुरे. दागिना फिरवू नये. मणी घट्ट आहेत ना, हे धुतलेल्या हातांनी पाहावे. पोहणे आणि त्या अंगावर झोपणे टाळावे. आहारविहार व्रणितासाठी सांगितला आहे तोच; त्यात आपल्या शास्त्राला कोणाकडून काही घ्यावे लागत नाही.

आणखी एका मुद्द्यावर ग्रंथ आणि आजचा प्रघात वरवर विरुद्ध दिसतात. वेध चुकला, वर्ती जाड झाली किंवा दोष कुपित होऊन वेदना व शोथ आला, तर वर्ती त्वरित काढून यष्टिमधु, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा कल्क मध व तुपासह लावावा, असे सोळाव्या अध्यायात आहे. आजचे वेधक सांगतात की पूय झाला असता दागिना काढू नये, छिद्र मिटून पूय आत कोंडेल. आमच्या मते दोघांचा संदर्भ वेगळा आहे. सुश्रुतोक्त वर्ती ही मऊ कापसाची, कोवळ्या पाळीतील, पहिल्या दिवसांतील. सपाट त्वचेतील पूयात प्रश्न असा असतो की स्रावाला वाट राहील की नाही. म्हणून रुग्णाने घरी ओढून काढू नये आणि वैद्यानेही घाईने काढून कल्काखाली झाकू नये. ज्वर, पसरणारी लाली, डोळ्याभोवती सूज किंवा लाल रेघ दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे; प्रतिजैविकांची गरज असताना येथे विलंब क्षम्य नाही.

पूय नसताना शरीर दागिना बाहेर ढकलत असेल, तर त्याची लक्षणे वेगळी असतात. दोन मण्यांतील अंतर कमी होते, देठ पूर्वीपेक्षा अधिक दिसतो, छिद्र रुंदावते, दांडीवरची त्वचा चकचकीत, लालसर व पातळ होऊन तिच्यातून धातूची छाया दिसू लागते. वेदना बहुधा नसते, म्हणून रुग्ण दुर्लक्ष करतो. ही लक्षणे दिसताच दागिना काढावा. आणखी महिनाभर थांबल्याने तो वाचत नाही. फक्त वण लांबतो. बसवताना आणि पुढे दर महिन्याला मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यायला रुग्णाला सांगितले, तर हा निर्णय सोपा जातो.

सुश्रुताचार्यांनी शल्य काढण्याच्या पंधरा उपायांत अयस्कांताचाही, म्हणजे चुंबकाचाही, समावेश केला आहे. टायटॅनियमवर चुंबक चालत नाही. ही एरवी सोयीचीच गोष्ट आहे, कारण एम.आर.आय. तपासणीत असा पाया ओढला जात नाही. तरीही तपासणीपूर्वी वरचा खडा काढावा आणि आत धातू असल्याचे तंत्रज्ञास सांगावे. विद्युत्दहन वापरायच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीही सांगावे. रुग्णपत्रिकेत दागिन्याचा प्रकार, धातू, जागा आणि बसवल्याचा दिनांक यांची नोंद ठेवावी.

काढल्यानंतर रुग्ण विचारतो, तिथेच पुन्हा बसवता येईल का? सुश्रुताचार्यांनी व्रण भरल्यावर पुन्हा वेधन करण्याची अनुज्ञा दिली आहे, पण ती कर्णपालीची. सपाट त्वचेत वणाचे ऊतक कडक असते, ते दागिन्याला नीट धरत नाही आणि दुसरा दागिना पहिल्यापेक्षा लवकर बाहेर येण्याचा संभव असतो. किमान काही महिने जाऊ द्यावेत, वण फिकट आणि मऊ झाल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरही वेधन त्या वणातून नव्हे तर शेजारच्या निरोगी त्वचेतून करून घ्यावे. पहिला दागिना वर्षाच्या आत बाहेर पडला असेल, तर त्या रुग्णाला त्या भागावर दुसरा बसवू नये असेच आम्ही सांगतो.